308 घंगाळं आणि एक लायटर

मी आग विम्याचा सर्व्हेअर आहे. म्हणजे कारखान्याला आग लागली की आधी बंब येतो, मग पोलीस, मग मालकाचे पाहुणे, आणि सगळे पांगले की तिसऱ्या दिवशी मी. हातात टेप आणि वही, तोंडाला फडकं. सोलापुरात टॉवेल जळतात, चादरी जळतात, सूत जळतं, कधीमधी मागांसकट अख्खी शेड. काय होतं, किती होतं, कशानं जळलं आणि राखेतून विकण्याजोगं काय उरलं, एवढं मी लिहितो. 31 वर्षं हेच करतोय. हिचं म्हणणं असं की माझ्या शर्टांचा ओल्या राखेचा वास आता धुऊनही जात नाही.

भाचा कंपनीच्या कामानं दोन वर्षं बीजिंगला आहे. त्यानं दिवाळीला फोन केला, "मामा, मी इथे आहे तोवर मामीला घेऊन या, राजवाडा बघून घ्या." पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. व्हिसा, विमान, गुडघ्याच्या गोळ्या हे सगळं सोडून देतो, ते प्रत्येकाचं सारखंच असतं. राजवाड्याचं तिकीट मात्र सांगण्यासारखं आहे.

बीजिंगचा राजवाडा म्हणजे आपण इंग्रजीच्या नादानं ज्याला निषिद्ध नगरी म्हणतो ते. तिथले लोक त्याला नुसतं गुगोंग म्हणतात, जुना वाडा. दिवसाला 40,000 माणसं आत सोडतात आणि एकही जास्त नाही. तिकीट खिडकीवर मिळत नाही. सात दिवस आधी, संध्याकाळी बरोबर आठ वाजता, फोनवर त्या दिवसाची तिकिटं खुली होतात, आणि ती तुमच्या पासपोर्टच्या नंबरावर निघतात. सोमवारी वाडा बंद. तिकीट 60 युआन, म्हणजे आपले सातशेच्या वर थोडे. एप्रिल ते ऑक्टोबर हा दर, हिवाळ्यात 40.

भाच्यानं पहिल्या संध्याकाळी प्रयत्न केला. आठ वाजून चार मिनिटांनी सकाळची सगळी संपली. दुसऱ्या संध्याकाळी तो साडेसातपासून बोट लावून बसला आणि तिघांची तिकिटं काढली. आम्ही खूश. तिथे पोचल्यावर जेवताना मला शंका आली. म्हटलं, बघू दे रे नंबर. हिचा पासपोर्ट गेल्या वर्षी नवा केलेला आणि भाच्याकडे कॉपी जुन्याची. नंबर जुना. दारात नंबर जुळला नाही तर आत सोडत नाहीत. भाच्यानं तिचं तिकीट रद्द केलं आणि पुढच्या दिवसांत कुठे काही सुटतंय का ते रात्रभर बघत राहिला. तीन दिवसांनंतरच्या दुपारची सुटलेली तिकिटं मिळाली, मग आमचीही बदलून घेतली. चूक कुणाची यावर हॉटेलच्या खोलीत थोडा वेळ चर्चा झाली. मी आयुष्यभर लोकांच्या पॉलिसीवरचे चुकीचे पत्ते पकडत आलो, तेव्हा मी गप्प बसलो.

मधले दिवस रिकामे मिळाले म्हणून आधी स्वर्गमंदिर बघितलं. मंदिर म्हणायचं, पण मूर्ती नाही, घंटा नाही. बादशहा वर्षातून ठरलेल्या दिवशी इथे येऊन आकाशाची पूजा करायचा. हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशी यज्ञ आणि वर्षाच्या सुरुवातीला पीकपाण्यासाठी प्रार्थना. ज्या गोल, तीन छपरांच्या निळ्या इमारतीचा फोटो चीनच्या प्रत्येक जाहिरातीवर असतो ती ही पीकपाण्याची. 38 मीटर उंच, सगळी लाकडी. आत 28 खांब आहेत. मधले चार ऋतूंचे, त्याबाहेरचे बारा महिन्यांचे, सगळ्यांत बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे. त्यांच्याकडे दिवसरात्रीचे बाराच भाग करायचे.

भाचा फलकावरून वाचत होता, "1420 साली बांधलं." मी वर बघत होतो. लाकूड एवढं ताजं, रंग एवढा सरळ. म्हटलं, हे 600 वर्षांचं नाही. "मामा, तुम्हाला काय माहीत?" अरे, मला दुसरं काय माहीत आहे? पुढच्या ओळीत होतंच. 1889 साली वीज पडून सगळं जळालं, 1896 साली पुन्हा उभं राहिलं. तिथली लोककथा अशी की एक गोम चढत चढत कळसाच्या सोनेरी गोळ्यापर्यंत पोचली आणि आकाशाला तो उद्धटपणा सहन झाला नाही. उंच माळावरची लाकडी इमारत, वर धातूचा गोळा आणि तडित्वाहक नाही. अहवालात मी गोम लिहिली नसती.

पण "वीज पडून सगळं जळालं" हे शब्द डोक्यात बसले. त्यानंतर बीजिंगमध्ये जे जे बघितलं ते मी क्लेमची फाईल बघावी तसं बघितलं. हिनं दुसऱ्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला.

दक्षिण टोकाला गोल चौथरा आहे. तिथे पांढरा दगड सोडून काही नाही, म्हणून तो टिकलाय. मधल्या गोल शिळेभोवती पहिल्या वेढ्यात 9 फरश्या, दुसऱ्यात 18, असं करत नवव्या वेढ्यात 81. हिनं खरोखर पहिले तीन वेढे मोजले, चौथ्यात एक चिनी बाई फोटोसाठी आडवी आली आणि हिशेब चुकला. मधल्या शिळेवर उभं राहून बोललं की आपलाच आवाज अंगावर परत येतो. तिथे रांग होती, आणि प्रत्येक जण शिळेवर चढला की काय बोलावं हे विसरत होता.

त्या बागेतली खरी मजा म्हणजे म्हातारे लोक. लांब लाकडी ओसरीच्या कठड्यांवर पत्त्यांचे डाव चाललेले, कुणी पायानं पिसांचं फूल उडवतंय, एक जण हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होता. शेवटचं अक्षर काढेपर्यंत पहिलं वाळून जायचं. पत्ते कुटणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला बघून "यिंदू?" विचारलं. हिंदुस्थान. भाच्यानं मान हलवली. कुठल्या गावचे, म्हणून फोन पुढे केला. भाच्यानं त्यात काहीतरी टाइप केलं आणि आजोबा उभेच राहिले. "ख दी-ह्वा!" डॉ. कोटणीसांचं चिनी नाव. आमचे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानशी चाललेल्या लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 साली तिथेच वारले, अवघ्या 32 व्या वर्षी. भैया चौकात त्यांचं घर आहे, आता स्मारक. मी त्या घरावरून आठवड्यातून चारदा स्कूटर नेतो आणि आत एकदाच गेलोय, शाळेच्या सहलीत नाही, पाहुण्यांना दाखवायला. आजोबांनी माझे दोन्ही हात धरले तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी हिला एक संत्रं दिलं आणि पुन्हा डावावर बसले.

राजवाड्याचा दिवस उजाडला. भाच्यानं आम्हाला पूर्वेकडून, खंदकाच्या कडेकडेनं नेलं. खंदक 52 मीटर रुंद. पाणी हिरवट, त्यात कोपऱ्यावरच्या बुरुजाची उलटी सावली आणि काठावर राजकन्येचे कपडे भाड्यानं घालून फोटो काढणाऱ्या पंचवीस-तीस मुली. तिथून दक्षिणेच्या मुख्य दाराशी, वूमेनला, आलो. आधी सुरक्षा तपासणी.

हिच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पट्ट्यावरच्या यंत्रातून पिशवी गेली आणि तिथल्या मुलीनं डबा उघडायला लावला. लालभडक पूड. तिनं वास घेतला, शिंकली, दुसऱ्या मुलीला बोलावून तिलाही वास घ्यायला दिला. दोघी हसल्या, डबा परत. मग भाच्याची सॅक गेली आणि ती मुलगी एकदम गंभीर झाली. पुढचा कप्पा उघडायला लावला. आतून निळा लायटर निघाला.

बाजूला टेबलावर एक पारदर्शक पेटी होती, लायटरनी अर्धी भरलेली. लाल, पिवळे, हिरवे, एक सोनेरी ड्रॅगनवाला. आगीची कुठलीही वस्तू आत न्यायची नाही, सिगारेट तर वाड्यात कुठेच ओढायची नाही. भाच्यानं निमूट लायटर पेटीत टाकला. टक् असा आवाज झाला.

मामीनं त्याच्याकडे बघितलं. भाचा खंदकाकडे बघत होता.

"कधीपासून?"

"मामी, ते... मित्राचा राहिलाय सॅकमध्ये."

"अस्सं. मित्र कधीपासून ओढतो?"

मी मध्ये पडलो नाही. आगीच्या कारणाबद्दल जबाब घेताना मध्ये बोलायचं नसतं. शिवाय त्या पेटीवर माझं लक्ष होतं. 31 वर्षांत एवढी कडक तपासणी मी कुठल्या कापडाच्या गोदामाच्या दारात बघितली नाही. त्याचं कारण मला आत गेल्यावर कळलं.

वाडा मिंग घराण्याच्या योंगले बादशहानं बांधला. 1406 ला सुरुवात, 1420 ला पुरा. 72 हेक्टर जागा, 10 मीटर उंच भिंत, पुढच्या 500 वर्षांत 24 बादशहा इथून राज्य करून गेले. आत 9,999 आणि अर्धी खोली आहे असं म्हणतात, कारण आकाशाच्या राजाकडे 10,000 आहेत आणि त्याची बरोबरी करायची नाही. प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा 8,700 च्या आसपास भरल्या. हे सगळं प्रत्येक गाईड सांगतो. मला जे ऐकून गंमत वाटली ते असं: 1421 च्या नववर्षाला योंगलेनं इथे पहिला दरबार भरवला आणि मे महिन्यात वीज पडून समोरचे तिन्ही मोठे महाल जळून गेले. पुरते चार महिनेही नाही! नव्या शेडची पूजा झाली आणि पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत आग लागली, असे दोन क्लेम मी स्वतः बघितलेत. दोन्ही मालकांवर लोकांनी संशय घेतला आणि दोन्ही खरे निघाले.

वीस वर्षं तिथे काही बांधलं नाही. मग बांधलं. 1557 ला पुन्हा जळालं. बांधलं. 1597 ला जळालं. 1644 ला बंडखोर पळून जाताना पेटवून गेले. 1679 ला बादशाही स्वयंपाकघरातली आग त्या तिघांतल्या पहिल्या, ताइहे महालापर्यंत पोचली. आज आपण ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतो तो कांगशी बादशहानं 1695 ते 1697 मध्ये बांधलेला, आणि पहिल्यापेक्षा लहान. लहान का, तर लाकूड मिळेना. मिंगांच्या वेळी दक्षिणेतल्या सिच्वान, युन्नानच्या जंगलांतून नानमू नावाचं सुवासिक लाकूड नद्यांतून वाहवत आणत. दर आगीनंतर जंगल मागे सरकत गेलं. कांगशीच्या माणसांनी ईशान्येकडचा पाइन वापरला.

महालाच्या दोन्ही बाजूंना जाड भिंती आहेत. फोटोत कधी लक्षात येत नाहीत, त्या फक्त भिंती आहेत. पूर्वी तिथे उतरत्या छपराच्या लाकडी ओवऱ्या होत्या आणि आग त्यांच्यावरूनच एका इमारतीतून दुसरीत जायची. कांगशीच्या कारागिरांनी ओवऱ्या काढून विटांच्या भिंती घातल्या. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होतो. आजूबाजूचे लोक सिंहासन दिसावं म्हणून दरवाजाच्या कठड्याशी चेंगराचेंगरी करत होते. हिनं गर्दीत घुसून सिंहासन बघून घेतलं आणि परत येऊन विचारलं, "अहो, तुम्ही काय बघताय?" म्हटलं, भिंत. "भिंत बघायला एवढे पैसे घातले?" पण खरं सांगतो, आग लागल्यावर शहाणा झालेला मालक मी आयुष्यात तिसऱ्यांदा बघत होतो, आणि हा 300 वर्षांपूर्वीचा.

मग घंगाळं. दर अंगणात, दर महालासमोर तांब्याची किंवा लोखंडाची घंगाळं मांडलेली. कानाला सिंहासारख्या प्राण्याच्या तोंडातली कडी. मिंगांनंतरच्या चिंग घराण्याच्या नोंदीत अशी 308 होती. मोठी सोन्याचा मुलामा दिलेली घंगाळं दीड मीटरहून रुंद आणि तीन टनांहून जड. ही सगळी आगीसाठी भरून ठेवायची. बीजिंगचा हिवाळा शून्याखाली जातो, मग पाणी गोठणार. म्हणून थंडीत त्यांना कापसाच्या गोधड्या गुंडाळायचे, वर झाकण, आणि बूड दगडावर उचललेलं, त्याखाली कोळशाची शेगडी. रात्रंदिवस निखारा. आग विझवायचं पाणी गोठू नये म्हणून लाकडी महालाच्या दारात रोज आग ठेवायची! भाच्याला हे सांगून मी इतका हसलो की जवळच्या पहारेकऱ्यानं वळून बघितलं.

ताइहे महालासमोरच्या सोनेरी घंगाळावरून बोट फिरवावंसं वाटतं, पण हात लावायचा नाही. जवळ वाकलो तर उभे-आडवे ओरखडे दिसले, शेकडो. मधून तांबं उघडं पडलेलं. 1900 साली आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा शिपायांनी संगिनींनी सोनं खरवडून नेलं, असं सांगतात. भाचा म्हणाला, "इंग्रज, जपानी, जर्मन, रशियन, सगळे होते." मी म्हटलं, इंग्रजांच्या तुकडीत आपलेच होते बहुतेक. राजपूत, शीख, पंजाबी पलटणी. भाच्याला हे माहीत नव्हतं. परवाच्या आजोबांनी आमचे हात धरले होते ते कोटणीसांमुळे. हे जे ओरखडे होते त्यातला एखादा कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तिथून पुढे निघालो.

वर छपराकडे बघितलं तर आढ्याच्या दोन्ही टोकांना तोंड वासलेले ड्रॅगनसारखे प्राणी. 13 तुकडे जोडून केलेला एकेक, 3.4 मीटर उंच. हा पाण्याचा प्राणी, पाऊस आणतो, आग गिळतो. त्याच्या पाठीत एक तलवार मूठीपर्यंत खुपसलेली दिसते. का, तर तो नोकरी सोडून समुद्रात पळून जाऊ नये. मला हा सगळ्या वाड्यातला सर्वांत प्रामाणिक तपशील वाटला.

पूर्वेकडे वळलं की बादशहाचं ग्रंथालय लागतं, छियनलुंगचं, 1776 चं. वाड्याची बहुतेक छपरं पिवळी आणि याचं काळं. काळा रंग पाण्याचा. पुस्तकांवर पाण्याचं छत्र धरलं म्हणायचं. शेजारून घंगाळाएवढा लाल अग्निशामक नळ डोकं वर काढून उभा होता. दोघांचं काम एकच.

तीन महालांमागच्या उतारावर एक शिळा आडवी घातलीय, नऊ ड्रॅगन कोरलेली. 16 मीटरहून लांब, 200 टनांहून जड. शहराबाहेरच्या खाणीतून ती हिवाळ्यात आणली. वाटेत ठिकठिकाणी विहिरी खोदल्या, पाणी काढून रस्त्यावर ओतलं, त्याचं बर्फ झालं आणि त्यावरून ओढली. हिला ही गोष्ट सगळ्यांत आवडली. तिनं दोनदा ऐकली.

त्यापुढे राण्यांचे महाल. तिथे एक मोठी विचित्र गोष्ट आहे आणि सगळे टीव्ही मालिकेमुळे बघायला येतात, कारण त्या अंगणाच्या नावाची मालिका चीनमध्ये गाजली. यान्शी अंगण. लाल भिंती, पिवळी कौलं, आणि मध्ये एकदम लोखंडी खांबांचा, पांढऱ्या दगडाचा युरोपी सांगाडा. छप्पर नाही. हे अंगण 1845 साली जळालं, पुढे पुन्हा जळालं. कंटाळून 1909 साली ठरवलं की आता लाकूडच नको. लोखंड, दगड, काच, भोवती पाणी, खालच्या मजल्यावरून मासे दिसतील असा जलमहाल. पैसे पुरेनात, तेवढ्यात 1911 ची क्रांती झाली, राज्यच गेलं. अर्धवट राहिला तो राहिला. आता त्या लोखंडी खांबांवर गंजाचे पोपडे, जिन्यावर मांजर झोपलेलं. दोनदा हात भाजलेल्या माणसानं तिसऱ्यांदा जरुरीपेक्षा जास्त खर्च करावा तसं. असे लोक येतात माझ्याकडे. स्प्रिंकलर, सेन्सर, सगळं बसवतात आणि त्यातच भांडवल संपून कारखाना बंद पडतो.

वायव्येला एका उंच भिंतीपाशी भाचा थांबला. पलीकडे आम्हाला जाता येत नव्हतं. तो फोनवर वाचून सांगू लागला आणि मी त्याला म्हटलं, हळू वाच, पुन्हा वाच.

1912 ला शेवटचा बादशहा पुयी गादीवरून उतरला, पण वाड्याच्या मागच्या भागात त्याला राहू दिलं होतं. पलीकडे छियनलुंगच्या खजिन्याची कोठारं होती. वाड्यातले खोजे त्यातून वस्तू चोरून बाजारात विकत होते, आणि हे पुयीच्या कानावर गेलं. त्यानं सगळ्या मालाची मोजदाद करायचा हुकूम काढला. जून 1923. मोजदाद सुरू झाली आणि एका रात्री कोठारांना आग लागली. पहिला बंब आला तो इटलीच्या वकिलातीचा. सकाळपर्यंत सगळं बेचिराख. विजेच्या तारेमुळे लागली, असं खोजे म्हणाले. पुढच्याच महिन्यात पुयीनं त्यांना वाड्याबाहेर काढलं.

मी भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. ही हकीकत मी किती वेळा ऐकलीय! स्टॉक मोजायचा ठरला, आग लागली, शॉर्ट सर्किट. शंभर वर्षांत एक शब्द बदललेला नाही.

आणि सॅल्व्हेज, म्हणजे राखेतून विकण्याजोगं उरलेलं? तेही होतं. राखेत वितळलेलं सोनं होतं, ते काढून घ्यायचा हक्क वाड्यानं सोनारांच्या पेढ्यांना लिलावात विकला. पुयीनं पुढे आठवणींत लिहिलंय की एका पेढीनं पाच लाख युआन मोजले आणि त्यातून 17,000 तायल सोनं काढलं. एक तायल म्हणजे 37 ग्रॅमच्या आसपास. सहा क्विंटलच्या वर जातं. आकडा त्याचा आहे, मी राख बघितलेली नाही. जळालेल्या जागेवर त्यानं मग टेनिस कोर्ट केलं. पुढच्या वर्षी, 1924 च्या नोव्हेंबरात, त्यालाच वाड्यातून बाहेर काढलं, आणि 1925 ला वाड्याचं संग्रहालय झालं.

"मामा, चला, पाच वाजता बाहेर काढतात," भाचा म्हणाला. खरंच पहारेकरी दोरी धरून माणसांना उत्तरेच्या दाराकडे हाकत होते. हिचे पाय दुखत होते. बागेत एका वाकड्या झाडाखाली बसून आम्ही भाकरी मोडली. कडक भाकरीचा तो कडाड आवाज त्या शांततेत एवढा झाला की पुढच्या बाकावरची आई आणि मूल दोघं वळून बघायला लागली. हिनं मुलाला तुकडा दिला. त्यानं चावला, आईकडे बघितलं आणि खिशात ठेवला.

उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की समोर टेकडी, जिंगशान. खंदकातून निघालेली माती टाकून केलेली. 1644 ला शेवटच्या मिंग बादशहानं, चोंगचेननं, इथेच एका झाडाला गळफास घेतला. झाड आता दुसरं आहे. ही खालीच थांबली. मी आणि भाचा वर चढलो. वरून सगळा वाडा एका नजरेत, पिवळी छपरं एकामागे एक, सूर्य उजवीकडे कलता. भाचा खिसे चाचपत होता आणि लायटर पेटीत गेल्याचं आठवून थांबला. शेजारी एक चिनी मुलगाही तसाच खिसे चाचपत होता. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"मामा, मामीनं आईला सांगितलं असेल का हो?"

"फोटो पाठवला नसला तरी शब्द पोचला असणार."

उन्हाळी महालात दुसऱ्या दिवशी गेलो. त्याबद्दल फार लिहीत नाही. सुंदर आहे, तळं आहे, 728 मीटर लांब रंगवलेली ओसरी आहे, गर्दी आहे, आणि माझा गुडघा त्या दिवशी सुजला होता. मला तिथली एकच गोष्ट आठवते, संगमरवरी नाव. 1755 ला छियनलुंगनं तळ्याच्या काठाला दगडी तळ आणि वर लाकडी मजला अशी न हलणारी नाव बांधली. 1860 ला इंग्रज-फ्रेंचांनी सगळं जाळलं तेव्हा लाकूड गेलं, दगडी तळ राहिला. 1893 ला सिशी राणीनं वर पुन्हा लाकडाचेच मजले चढवले, संगमरवरासारखे रंगवून, बाजूला दगडी चाकं लावून. दगडाची दिसावी म्हणून रंगवलेली लाकडी नाव, आणि 33 च वर्षांपूर्वी तीच जळालेली! पूर्वेला, थोड्याच अंतरावर, तो दुसरा बाग आहे, युआनमिंगयुआन, जो त्याच 1860 च्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या लॉर्ड एल्गिनच्या हुकुमानं जाळला आणि परत बांधला नाही. तिथे आम्ही तासभर होतो. युरोपी धर्तीच्या दगडी कारंज्यांचे तुकडे गवतात पडलेत आणि सगळे त्यांचेच फोटो काढतात. लाकडी महाल त्याहून कितीतरी जास्त होते. त्यांच्या जागी नुसतं गवत. मला सांगायचं होतं की लाकूड जळतं तेव्हा पंचनाम्याला काही शिल्लक ठेवत नाही, पण ही थकली होती, म्हणून नाही सांगितलं.

परत आलो त्याच्या नवव्या दिवशी फोन आला. एमआयडीसीत टॉवेलचं गोदाम, रात्रीची आग. गेलो. दारातल्या लाल बादल्यांपैकी दोन पानाच्या पिंका टाकून भरलेल्या, तिसरीत वाळू होती पण तीत झाडू उभा खोचलेला. आत गाठी अजून धुमसत होत्या. मी चपला बदलल्या, वही काढली, पानावर तारीख टाकली. मालक कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, डोळे सुजलेले. चहा मागवू का म्हणाला.

मी म्हटलं, चहा नंतर. स्टॉक रजिस्टर कुठंय?

"आत होतं, साहेब. गेलं."

"शेवटची मोजदाद कधी केली होती?"

"पुढच्याच आठवड्यात करणार होतो की."